झिरो कुठे धरला?

भोसरीच्या एमआयडीसीत पाळी बदलताना सीएनसी मशीनपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “झिरो कुठे धरलाय?” विचारणारा नुकताच आलेला ऑपरेटर असतो, सांगणारा रात्रभर उभा राहिलेला सेटर. जॉब व्हाइसमध्ये घट्ट पकडलेला असतो. त्याच्यावर कागदाची बारीक पट्टी ठेवायची, हँडव्हील फिरवत टूल जरा जरा खाली आणायचे आणि दुसऱ्या हाताने पट्टी हलवत राहायची. पट्टी अडकली की थांबायचे. कागदाची जाडी हिशेबात धरायची आणि मशीनला सांगायचे, हा तुझा झिरो. पुढचा प्रत्येक आकडा इथून मोजायचा.

मशीन सांगितलेला आकडा पाळते. उणे वीस म्हटले की वीस मिलिमीटर खाली जाते. तिथे हवा आहे की लोखंड, याची चौकशी ते करत नाही. झिरो दहा मिलिमीटरने चुकला असेल तर टूल जॉबमध्ये घुसते, स्पिंडलला दणका बसतो आणि शॉपमध्ये बातमी पसरते की अमक्या मशीनला ॲक्सिडेंट झाला. प्रोग्राम बरोबर, मोटर बरोबर, मशीनही बरोबर. मोजायला जिथून सुरुवात केली ती जागा तेवढी चुकलेली.

भोसरी, दिघी, पिंपरी या पट्ट्यावरून लोहगावला उतरणारी विमाने रोज जातात. कारखान्यांच्या पत्र्यांवरून त्यांचा आवाज घरंगळत जातो आणि कोणी मान वर करत नाही. पण त्या विमानांच्या कॉकपिटमध्येही हाच प्रश्न दर उड्डाणाला सोडवावा लागतो, आणि तिथे चुकीची किंमत एका स्पिंडलवर भागत नाही. सह्याद्रीच्या या कडेवर, जुन्नरपासून पनवेलपर्यंत, ती किंमत माणसांनी मोजलेली आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा इतिहास लिहिताना कारखाने मोजले जातात, कामगार मोजले जातात. वरच्या आकाशाचा इतिहास मात्र कुणी फारसा सांगत नाही. तो सांगण्यासारखा आहे.

लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट उंचीवर आहे. चाकणचे पठारही साधारण त्याच उंचीचे. म्हणजे इथे जमिनीवर उभे असलेले विमान समुद्राच्या हिशेबाने आधीच दोन हजार फुटांवर असते. विमानातला अल्टिमीटर उंची मोजतो असे आपण म्हणतो, पण तो मोजतो हवेचा दाब. आत पातळ धातूची, हवा काढलेली, पंख्यासारख्या वळ्या असलेली डबी असते. वर जावे तसा बाहेरचा दाब कमी होतो, डबी फुगते, तिची हालचाल दात्यांमधून काट्यापर्यंत पोहोचते. जमिनीजवळ एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण २७ ते ३० फूट. तबकडीवर एक छोटी खिडकी असते आणि कोपऱ्यात एक खुंटी. खुंटी फिरवून त्या दिवशीचा, त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीला बदललेला दाब खिडकीत लावायचा. तो बरोबर लावला की लोहगावला उभ्या असलेल्या विमानाचा काटा १,९४२ च्या आसपास येऊन थांबतो. वैमानिकाची कागदाची पट्टी ती हीच.

तो दाब रोज बदलतो. जगभरचा ठरीव मानक दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे. पण ऐन जुलैत, मान्सून जोरात असताना, मुंबई-कोकणात तो हजार ते एक हजार पाचच्या घरात उतरतो. खुंटी १०१३ वरच राहिली आणि खरा दाब १००३ असला तर काटा सुमारे पावणेतीनशे फूट जास्त दाखवतो. वैमानिकाला वाटते आपण चार हजारांवर आहोत. विमान असते तीन हजार सातशे पंचवीसवर. उन्हाळ्याच्या स्वच्छ आकाशात पावणेतीनशे फूट म्हणजे काहीच नाही. ढगात गुरफटलेल्या घाटमाथ्यावर तेवढ्या फरकात एक अख्खा सुळका मावतो.

दाबाचे हे आकडे पुरवणाऱ्या हवामान खात्याशी पुण्याचे नाते फार जुने. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बसथांब्यालाही तेच नाव आहे. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, नाव राहिले. वायुभारमापक म्हणजे काय आणि त्याचा पारा पावसाळ्यात का उतरतो, हे ज्या इमारतीत रोज नोंदले जात होते, तिच्यापासून काही मैलांवर लवकरच टाटांची टपालविमाने उतरू लागणार होती.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून पुस मॉथ जातीचे छोटे विमान उडवले, अहमदाबादला थांबून ते जुहूला आणले, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकांतही आहे. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. याच गोष्टीचा एक पुण्याचा तुकडा मात्र कमी सांगितला जातो. जुहूचा तळ म्हणजे किनाऱ्यालगतची चिखलाची जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. मग टाटांचा सगळा संसार, दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, घाट चढून पुण्याला यायचा. येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीत एक मैदान विमानांसाठी वापरले जाई. पावसाळा संपला की बिऱ्हाड पुन्हा जुहूला.

हे नुसते वाचले तर गमतीदार बिऱ्हाडबदल वाटतो. पण नकाशा समोर ठेवून विचार करावा. एका इंजिनाचे विमान. वाट दाखवायला रेडिओ नाही, ऑटोपायलट नाही. पुण्याच्या पश्चिमेला लोहगड, विसापूर, राजमाचीची रांग, त्यातला लोहगड सुमारे ३,४०० फूट. आणि ऋतू कुठला, तर पावसाळा. म्हणजे सह्याद्रीचे माथे दिवसदिवसभर ढगात. खुंटी आणि खिडकी असलेला अचूक अल्टिमीटर पॉल कोल्समन याने अमेरिकेत १९२८ साली तयार केला होता आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२९ मध्ये, जेम्स डूलिटल याने त्याच्या भरवशावर कॉकपिट झाकून घेऊन उड्डाण करून दाखवले होते. पण इथल्या वैमानिकांचे मुख्य यंत्र डोळे हेच होते. ढगांत फट दिसली तर घाट ओलांडायचा, नाही दिसली तर थांबायचे. त्यांनी ही सेवा इतक्या वक्तशीरपणे चालवली याचे खरे कौतुक या घाटावर उभे राहिले की कळते.

त्याच जे. आर. डीं.च्या अध्यक्षतेखालच्या टेल्कोने साठच्या दशकात पिंपरीत कारखाना उभारायला घेतला. सुमंत मुळगावकरांनी तो घडवला, आणि भोसरी-पिंपरीच्या शेकडो लघुउद्योजकांना अचूक मोजमापाची सवय त्या कारखान्यासाठी सुटे भाग बनवताना लागली. मायक्रॉनची भाषा या गावांत अशी रुजली.

ऑटोपायलटची गोष्ट या भाषेच्या जवळची आहे, कारण ते यंत्र आणि सीएनसी मशीन एकाच घराण्यातले. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सेन नदीच्या काठी लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने गर्दीसमोरून विमान नेले आणि दोन्ही हात वर करून दाखवले. त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला तरी विमान कलले नाही. गिरक्या घेणाऱ्या भोवऱ्याने, म्हणजे जायरोस्कोपने, कल ओळखला आणि पंख पुन्हा समतल केले. पुढे १९२२ साली निकोलस मिनोर्स्की याने जहाजाच्या सुकाणूवरची माणसे नीट पाहिली. चांगला सुकाणूवाला फक्त किती चुकलो ते पाहत नाही. किती वेळ चुकत आलो आणि चूक कोणत्या वेगाने वाढते आहे, हेही तो मनात धरतो. मिनोर्स्कीने ते गणितात मांडले. पुढे पीआयडी कंट्रोल म्हणून ओळखले गेले ते हेच. चाकणच्या कुठल्याही कारखान्यात भट्टीचे तापमान राखणारा डबा उघडला तर त्यात ते सापडते, रंगकाम करणाऱ्या रोबोच्या हातात सापडते, आणि छोट्या विमानाची उंची धरून ठेवणाऱ्या ऑटोपायलटमध्येही.

ऑटोपायलट बिघडण्याचा इतिहासही जवळजवळ तेवढाच जुना. १९३३ साली वायली पोस्ट हा वैमानिक एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाला तो स्पेरीच्या ऑटोपायलटच्या जिवावर. आणि तेच यंत्र दुरुस्त करायला त्याला वाटेत उतरावे लागले. तरी ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत त्याने फेरी पुरी केली. खासगी छोट्या विमानांत हे यंत्र यायला मात्र वेळ लागला. १९६५ पासून अमेरिकेतल्या मूनी कंपनीने आपल्या छोट्या विमानांत पंख समतल ठेवणारी सोपी यंत्रणा सरसकट द्यायला सुरुवात केली. उंची धरणारी यंत्रणा त्याच्या पुढची पायरी.

आता पुन्हा सह्याद्रीकडे. जुलै १९६२.

६ जुलैच्या रात्री अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जेट बँकॉकहून मुंबईकडे येत होते. सिडनीहून रोमला जाणारी ती लांब पल्ल्याची सेवा होती. विमानात ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. मध्यरात्र उलटून दहा-एक मिनिटे झाली असताना, मुंबई जवळ आली असे समजून वैमानिक उंची कमी करत होता. विमान धडकले ते जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर. चौकशीच्या कागदपत्रांत त्या डोंगराचे नाव दावंड्याची असे नोंदले गेले. मुंबई तिथून ८४ किलोमीटर दूर होती. धडक ३,६०० फुटांच्या सुमाराला झाली, डोंगराच्या माथ्याच्या अवघी पाच फूट खाली. ९४ पैकी एकही जण वाचला नाही.

पाच फूट म्हणजे शेतातल्या कुडाच्या भिंतीएवढी उंची. या आकड्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

जुलैतला जुन्नरचा पश्चिम भाग ज्याने पाहिला आहे त्याला ती रात्र डोळ्यांसमोर आणता येईल. भाताची लावणी चाललेली, खाचरे भरलेली, धुके असे की समोरचा बैल दिसत नाही, आणि पावसाचा आवाज इतका सततचा की तो थांबला तरच जाग यावी. अशा मुलखात, पायवाटाही निसरड्या झालेल्या असताना, जेट विमानाच्या अवशेषांपर्यंत माणसांना चढून जावे लागले.

चौकशीत निघालेला निष्कर्ष साध्या शब्दांत असा: आपण कुठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला, आणि म्हणून तो फार लवकर खाली आला. जमिनीवरच्या दिशादर्शक साधनांचा पुरेसा उपयोग केला गेला नाही, या मार्गावर ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आले, आणि खालच्या मुलखाची ओळख नव्हती. म्हणजे अल्टिमीटरने दगा दिला नव्हता. ३,६०० फूट हा आकडा मुंबईच्या किनाऱ्यालगत बिनधोक होता. जुन्नरच्या डोंगरांत त्याच आकड्यावर जमीन होती. भोसरीच्या सेटरच्या भाषेत बोलायचे तर झेड, म्हणजे उंची, बरोबर होता; एक्स, म्हणजे आडवी जागा, चुकला होता. उंची नेहमी कुठल्या तरी जागेची असते. जागा चुकली की बरोबर उंचीही चूक ठरते.

योगायोग असा की त्याच १९६२ सालच्या १ ऑगस्टला, म्हणजे महिनाही उलटला नसताना, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळांवर कारखान्यांचे भूखंड आखले जाऊ लागले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तर पिंपरीत आधीच, पन्नासच्या दशकात, आले होते. जमिनीवर भूमापक साखळ्या टाकत होते. पलीकडच्या डोंगरात तपास पथके विमानाचे तुकडे मोजत होती.

जुन्नरनंतर सतरा वर्षांनी पाळी पनवेलची आली. ४ ऑगस्ट १९७९ च्या रात्री पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एचएस-७४८, लोक ज्याला ‘ॲव्हरो’ म्हणत ते हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनलेले विमान, खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले. ४५ जण गेले. पुणे-मुंबई हवाई अंतर ते केवढे! विमान वर चढते न चढते तोच खाली उतरायला सुरुवात करावी लागते. आणि घाट उतरला म्हणजे डोंगर संपले, असे या वाटेवर नाही. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड ही मंडळी मुख्य रांगेपासून सुटी होऊन कोकणात उभी आहेत. एक्स्प्रेस-वेने जाताना ती सुंदर दिसतात. रात्री, ढगात, उतरत्या विमानाला ती दिसतच नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी, १ जानेवारी १९७८ ला, एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट मुंबईहून उडाल्यावर वांद्र्याच्या समुद्रात कोसळले होते आणि २१३ जण दगावले होते. तिथे प्रश्न उंचीचा नव्हता, कलाचा होता: कप्तानासमोरचे विमानाचा कल दाखवणारे यंत्र बिघडले, काळ्याकुट्ट समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते, आणि बिघडलेल्या यंत्रावर विश्वास ठेवून सरळ चाललेले विमान उलट बाजूला कलवले गेले. शेजारच्या वैमानिकासमोरचे यंत्र ठीक होते. दोन काटे वेगळे दाखवत असतील तर खरा कोणता, हे ठरवायला मिळालेला वेळ सेकंदांत मोजावा लागेल इतका थोडा होता.

उंची सोडण्याने झालेला देशातला सर्वांत मोठा घात हरियाणातल्या चरखी दादरीचा. १२ नोव्हेंबर १९९६ ला सौदी अरेबियाचे जंबो वर चढत होते, त्याला १४,००० फुटांची सीमा दिलेली. कझाकस्तानचे इल्युशिन खाली येत होते, त्याला १५,००० वर थांबायचे होते. ते थांबले नाही. हजार फुटांचे अंतर पुसले गेले आणि ३४९ माणसे गेली. कझाक कर्मचारी आपल्या देशात मीटरमध्ये उंची मोजायला सरावलेले होते, आणि रेडिओवर बोलणाऱ्याला समोर स्वतःचा अल्टिमीटर नव्हता. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा आणि उंची आपोआप कळवणारे ट्रान्सपॉन्डर यांची सक्ती झाली. आज पिंपरीवरून जाणाऱ्या विमानाची उंची लोहगावच्या पडद्यावर आकड्यांत दिसते, ती या पायरीवरून आलेली आहे.

मोठ्या विमानांत दोन वैमानिक, तीन-तीन संगणक आणि जमीन जवळ आली की ओरडून सांगणारी यंत्रणा असते. छोट्या खासगी विमानात बहुतेकदा एक माणूस आणि एक ऑटोपायलट. म्हणून तिथल्या बिघाडाची जात वेगळी.

या विमानाच्या पोटात एक सर्व्हो मोटर असते. तारेने ती शेपटीच्या आडव्या पट्टीशी, एलिव्हेटरशी, जोडलेली. दुसरी मोटर ट्रिमची, म्हणजे विमानाचा तोल त्या उंचीला बसवून ठेवणारी. ‘अल्टिट्यूड होल्ड’चे बटण दाबले की यंत्र त्या क्षणाचा हवेचा दाब लक्षात ठेवते. दाब वाढला म्हणजे आपण खाली गेलो, नाक वर. दाब घटला, नाक खाली. मिनोर्स्कीचा सुकाणूवाला तिथे बसलेला आहे, पण तो आंधळा आहे. त्याला डोंगर ठाऊक नाही, समुद्र ठाऊक नाही, फक्त दाब ठाऊक आहे.

काही सेसना विमानांत बेंडिक्स-किंगचा केएपी १४० नावाचा ऑटोपायलट बसवलेला असे. त्याची एक गोष्ट नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात घोकून घ्यावी लागते: हवेचा दाब दोन ठिकाणी लावायचा. एकदा अल्टिमीटरच्या खुंटीने आणि एकदा ऑटोपायलटच्या स्वतःच्या डब्यावर. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. अल्टिमीटरवर १००४ लावले आणि ऑटोपायलटवर १०१३ तसेच राहिले, तर पाच हजारांवर थांब म्हणून सांगितलेले यंत्र इमानाने थांबते, पण अल्टिमीटरच्या हिशेबाने सुमारे अडीचशे फूट खाली. वैमानिकाला वाटते ऑटोपायलट बिघडला. तो बिघडलेला नसतो. एका जॉबला दोन झिरो धरलेले असतात.

खरा बिघाड होतो तेव्हा तो पुष्कळदा ट्रिमचा असतो आणि त्यात एक वाईट सापळा आहे. ऑटोपायलट उंची धरून चालला आहे आणि वैमानिकाने तो बंद न करताच हाताने नाक खाली दाबले, तर यंत्राला वाटते की विमान खाली खेचले जाते आहे. ते नाक वर करायला बघते, आणि जमत नाही म्हणून ट्रिमची मोटर फिरवत राहते. माणूस जोर वाढवतो, यंत्र ट्रिम वाढवते. काही सेकंदांत विमानाचा सगळा तोल वरच्या बाजूला गेलेला असतो. मग माणूस हात सैल करतो किंवा यंत्र सुटते, आणि नाक उसळी मारते. म्हणून शिकवणारे एकच क्रम पुन्हापुन्हा करून घेतात: दांड्यावरचे लाल बटण दाब, ते पुरले नाही तर मुख्य स्विच, तेही नाही तर ऑटोपायलटचा सर्किट ब्रेकर खेचून बाहेर काढ. ब्रेकर कुठला ते आधीच बोटाने चाचपून ठेव. अंधारात शोधायची ती वस्तू नव्हे.

आणि कुंभारीण. घराच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत मातीची इवलीशी घरटी लिंपणारी ही माशी विमानांची जुनी शत्रू आहे. विमानाच्या अंगावर बाहेरचा दाब आत घेणारी टाचणीच्या टोकाएवढी भोके असतात, वेग मोजणारी नळी असते. उघड्यावर दोन-चार दिवस उभ्या राहिलेल्या विमानाला आवरण घातले नाही तर तिला त्या जागा आयत्याच सापडतात. भोके बुजली की आतला दाब जमिनीवरचाच राहतो; विमान वर चढते, काटा हलत नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत बिर्गेनएअर या कंपनीचे बोइंग डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात पडले, तिथेही वेगाची नळी अशा किड्याने बुजवल्याचा संशय सर्वांत बळकट ठरला. आपल्याकडे पावसाळ्यात पाणीही याच नळ्यांत शिरते. लाल फीत लावलेली आवरणे, उड्डाणापूर्वी गुडघे टेकून भोकांवरून फिरवलेले बोट, नळीतले पाणी काढणारी छोटी चावी, या साध्या गोष्टींवर महागड्या ऑटोपायलटचे शहाणपण उभे आहे.

सह्याद्री यात आपली भर घालतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कड्यावर आदळून वर चढतो. पठारावरून पाण्यासारखा सांडत तो मावळ-खेडच्या बाजूला खाली येतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात कामशेतचे पॅराग्लायडर टेकडीच्या वाऱ्याकडच्या अंगाला तासन् तास तरंगतात ते याच चढत्या हवेवर. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमधून विंचने वर खेचली जाणारी बिनइंजिनाची विमानेही चढती हवा शोधतात. त्यांच्या तबकडीवर चढ-उतार दाखवणारा काटा असतो आणि वैमानिकाची नजर त्याच्यावरून हटत नाही. डोंगराच्या आडोशाच्या बाजूला हीच हवा उलट वागते. छोटे विमान तिथे खाली दाबले जाते, ऑटोपायलट उंची टिकवायला नाक वर उचलतो, वेग घटतो, हवा आणखी दाबते, नाक आणखी वर. आकड्याला चिकटून राहण्याच्या हट्टापायी यंत्र वेग गमावते. इथे ऑटोपायलट सोडून देऊन शे-दोनशे फूट जाऊ देणारा माणूस शहाणा, अर्थात खाली तेवढी जागा आधीपासून राखून ठेवली असेल तर. डोंगराळ मुलखात सर्वांत उंच अडथळ्यावर किमान २,००० फूट मोकळे ठेवावेत, हा आंतरराष्ट्रीय नियम त्यासाठीच आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तिच्या परिसरात ७,४०० च्या खाली ढगात काम नाही.

बारामतीच्या, धुळ्याच्या, गोंदियाच्या तळांवर आज विशी-बाविशीतली मुले-मुली हे शिकतात. त्यांच्या विमानांत कधी काचेचे पडदे असतात आणि त्यावर जीपीएसच्या नकाशात उंच डोंगर लाल रंगात उमटतात. अलितालियाच्या वैमानिकाला जे कळले नाही ते आता तळहाताएवढ्या पडद्यावर दिसते. डोंगर मात्र तेवढेच उंच आहेत.

किती उंच, ते चाकणने वेगळ्या रीतीने अनुभवले. पुण्याचा नवा विमानतळ चाकण-राजगुरुनगर परिसरात होणार, हे इथल्या दोन पिढ्यांनी ऐकले. बजाज ऑटोचा कारखाना नव्वदच्या दशकाच्या शेवटी चाकणला आला, त्यानंतरच्या दहा वर्षांत मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा आले. विमानतळ आता येणारच, असे धरून जमिनींचे भाव ठरले, लग्नाच्या बोलण्यांतही ‘विमानतळाजवळची जमीन’ हा शब्द फिरू लागला. जागा बदलत गेल्या, शेतकऱ्यांनी विरोध केला. शिवाय अडथळा भूगोलाचाच होता: धावपट्टीच्या टोकाला उतरणाऱ्या विमानाला जी मोकळी उतरंड लागते, तिच्यात खेडचे डोंगर येत होते. २०१६ मध्ये सरकारने पुरंदरची निवड केली. चाकणमधल्या कंपन्यांचा माल आजही कंटेनरमधून तळेगावमार्गे घाट उतरून न्हावा-शेव्याला जातो, आणि चाकण चौकातली कोंडी तशीच आहे.

विमानतळ आला नाही, पण विमानाच्या उंचीचा हिशेब या पट्ट्याच्या घराघरांत आलाच. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने भोसरी, मोशी, दिघी, चऱ्होली या भागांत इमारत किती उंच बांधायची यावर बंधन आहे. बिल्डरच्या ऑफिसात ‘एअरफोर्सची एनओसी’ हा शब्द पाण्याच्या टाकीइतका रोजचा झाला आहे. मंजुरीच्या त्या कागदावर किती मजले ते लिहिलेले नसते. इमारतीचे अगदी वरचे टोक, गच्चीवरची टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक सळई धरून, समुद्रसपाटीपासून किती मीटरवर येईल, तो आकडा असतो. त्यामुळे एकाच मापाच्या दोन इमारती, एक ओढ्याकाठच्या सखल भूखंडावर आणि एक टेकाडावर, सारख्या मजल्यांच्या होत नाहीत. भूमापक आधी रिकाम्या प्लॉटवर येतो, तिपाई रोवतो, पाणसळ बघून ती समतल करतो आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची काढून देतो. मजल्यांची बोलणी त्यानंतर सुरू होतात.